वारा नेहमीचाच, पाऊस उशिरा: कॅम्प फायरचे प्रकरण

उत्तर कॅलिफोर्निया, ब्यूट काउंटी. ८ नोव्हेंबर २०१८, गुरुवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास फेदर नदीच्या दरीत, पुल्गा या छोट्या वस्तीजवळ आग दिसली. तीच पुढे ‘कॅम्प फायर’ या नावाने ओळखली गेली. तिथून ११ किमीवर, डोंगराच्या सोंडेवर वसलेल्या पॅराडाइज गावात आठच्या आसपास ठिणग्यांनी जागोजागी पेट घेतला होता. २५ नोव्हेंबरला आग पूर्ण आटोक्यात आली. तोवर ८५ माणसे मेली होती, १८,८०४ बांधकामे जळाली होती आणि १,५३,३३६ एकर, म्हणजे सुमारे ६२ हजार हेक्टर क्षेत्र काळे पडले होते. यातली बहुतेक घरे पहिल्याच दिवशी गेली.

‘सोसाट्याच्या वाऱ्याने आग पसरली’ असे या घटनेचे एका ओळीतले वर्णन नेहमी केले जाते. ते चूक नाही, पण त्यातून कामाचे काहीच हाती लागत नाही. पुल्गाजवळच्या जार्बो खिंडीतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर त्या पहाटे ताशी ५० किमीच्या आसपास सलग वारा आणि ८४ किमीपर्यंतचे झोत नोंदले गेले. हा वारा जोरदार खराच, पण त्या खिंडीला अनोळखी नव्हे. शरद ऋतूत असा वारा तिथे दरवर्षी काही वेळा वाहतो आणि बहुतेक वेळा दोन-चार झाडे पाडून निघून जातो. २०१८ साली वेगळे काय होते, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

वारा कुठून आला

शाळेत शिकलेले मतलई वारे इथे डोळ्यांसमोर आणू नयेत. ते रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड झाल्याने वाहतात, मंद असतात आणि किनाऱ्यापुरते राहतात. कॅलिफोर्नियाचा हा वारा दाबातल्या फरकाने ढकललेला असतो. वरच्या हवेतला कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे सरकून गेला की त्याच्यामागून नेवाडा आणि आसपासच्या उंच, कोरड्या पठारावर (याला ग्रेट बेसिन म्हणतात) थंड, जड हवेचा ढीग साचतो. पठारावर दाब जास्त आणि किनाऱ्यावर कमी, म्हणून हवा पश्चिमेकडे सुटते. वाटेत सिएरा नेवाडाची रांग आहे. ती ओलांडून हवा खाली उतरते आणि जिथे खिंड किंवा दरी सापडते तिथे तिला वेग येतो. फेदर नदीची दरी ईशान्य-नैर्ऋत्य पसरलेली आहे, म्हणजे नेमकी या वाऱ्याच्या दिशेत. दक्षिण कॅलिफोर्नियात यालाच सांता आना म्हणतात आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवती दियाब्लो. कुळ एकच, फक्त डोंगर वेगळे. त्याच ८ नोव्हेंबरला दुपारी, सहाशेहून अधिक किमी दक्षिणेला, त्याच हवामानात वूल्सी फायर लागली आणि ती मालिबूला थेट समुद्रापर्यंत गेली.

उतरणारी हवा कोरडी का होते, याचा हिशेब सोपा आहे. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा ढकलला की पंप गरम होतो. तसेच हवा खाली येताना वाढत्या दाबाने दाबली जाते आणि दर १,००० मीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने तापते. समजा २,५०० मीटरवर हवा ० अंश आहे आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के आहे. ती ५०० मीटरपर्यंत उतरली तर तापमान १९-२० अंश होईल आणि आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास येईल. बाष्प कुठे गेलेले नसते, तापलेल्या हवेची ते धरण्याची क्षमता वाढलेली असते. यावरून लक्षात येते की या वाऱ्याला उन्हाळा लागत नाही. पठारावरची हवा थंड असली तरी पायथ्याशी ती कोरडीच पोहोचते. म्हणून तापमान पाहून धोका मोजणारा इथे हमखास फसतो.

वेळेचाही घोळ आहे. एरवी वणव्याची सगळ्यात वाईट वेळ दुपारी दोन ते पाच. रात्री हवा गार होते, आर्द्रता चढते, गवत-पाचोळा थोडा ओलावा शोषून घेतो आणि आग मंदावते. हा डोंगरउतारी वारा मात्र मध्यरात्र ते सकाळ या वेळात जोर धरतो. रात्री जमिनीलगतची हवा स्थिर असते आणि कड्याच्या उंचीवर ऊबदार थराचे झाकण असते. त्या झाकणाखालून हवा लाटेसारखी उतारावर आपटते. उतारावरच्या ज्या पट्ट्यात ती पोहोचते तिथे रात्रीची ओलावा भरून निघण्याची प्रक्रियाच होत नाही. जार्बो खिंडीत ८ तारखेच्या पहाटे आर्द्रता २५ टक्क्यांच्या खाली होती आणि दिवस चढला तशी ती आणखी घसरली. गावकरी झोपेत, अग्निशमन दलाचे मनुष्यबळ रात्रपाळीपुरते आणि अंधारात विमाने जमिनीवर, अशा वेळी वाऱ्याचा कळस होता.

जळण: पावसाची तारीख

वणव्याच्या भाषेत मेलेल्या जळणाची प्रतवारी जाडीवर होते. ६ मिमीपर्यंतचे गवत, पाने, पाइनच्या सुया हे ‘एक तासाचे’ जळण. ६ ते २५ मिमीच्या काटक्या ‘दहा तासांच्या’, २५ ते ७५ मिमीच्या फांद्या ‘शंभर तासांच्या’ आणि त्याहून जाड ओंडके ‘हजार तासांचे’. हवेतला बदल त्या-त्या जाडीत मुरायला साधारण तेवढा वेळ लागतो, असा याचा अर्थ. आर्द्रता ५० टक्के असताना बारीक जळणात ९ टक्क्यांच्या आसपास पाणी राहते. आर्द्रता १० टक्क्यांवर आली की ते ३ टक्क्यांवर उतरते. ३ टक्क्यांच्या सुईवर ठिणगी पडली तर ती पेटणार, यात अंदाजाला फारशी जागा उरत नाही.

बारीक जळण सुकवायला वाऱ्याची एक रात्र पुरते. शंभर आणि हजार तासांचे जळण सुकायला अख्खा मोसम लागतो, आणि २०१८ साली तिथेच पारडे झुकले. उत्तर कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा जातो आणि ऑक्टोबरात पाऊस सुरू होतो. आगीच्या उगमाच्या परिसरात शरदातला साधारण पाऊस १०० मिमीहून जास्त असतो. तेवढा पाऊस झाला की ओंडके भिजतात, गवताला हिरवा कोंब फुटतो आणि मग तोच ताशी ८४ किमीचा झोत आला तरी आग मोठी होत नाही. त्या वर्षी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला तरी पाऊस नावापुरताच झाला होता. मोसमातला पहिला चांगला पाऊस पडला २१ नोव्हेंबरला, आग लागल्यानंतर १३ दिवसांनी.

आमच्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. कोरड्या डोंगरउतारी वाऱ्यांचा मोसम ऑक्टोबरपासून पुढे आणि पावसाचा मोसमही तिथूनच. दोघांत शर्यत असते. पाऊस आधी पोहोचला तर वारा निरुपद्रवी. वारा आधी पोहोचला तर त्याला सहा महिन्यांचे वाळलेले रान तयार मिळते. म्हणून वाऱ्याचा अंदाज आल्यावर पहिला प्रश्न ‘झोत किती’ हा नसावा, ‘शेवटचा मुरणारा पाऊस कधी झाला’ हा असावा.

जागेचाही वाटा होता. पुल्गा आणि पॅराडाइज यांच्या मधले कॉनकाऊ खोरे २००८ च्या वणव्यांत जळाले होते. जळालेले रान दहा वर्षे सुरक्षित राहते, असा एक समज आहे. तिथे प्रत्यक्षात उभी मेलेली झाडे, खाली पडलेले खोड आणि त्यांतून वर आलेले दाट झुडूप असे मिश्रण तयार झाले होते.

हूक

वारा आणि जळण तयार असले तरी ठिणगी लागते. ती पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक (पीजी अँड ई) कंपनीच्या कॅरिबू-पालेर्मो या ११५ किलोव्होल्ट पारेषण वाहिनीवर, मनोरा क्रमांक २७/२२२ वर पडली. या मनोऱ्यावर जंपरची तार (मनोऱ्याच्या दोन बाजूंच्या तारांना जोडणारा तुकडा) इन्सुलेटरच्या, म्हणजे वीज रोखणाऱ्या चकत्यांच्या, माळेला लटकत होती, आणि ती माळ एका सी-आकाराच्या लोखंडी हुकात अडकवलेली होती. वाहिनी १९२१ च्या सुमाराची. वाऱ्यात माळ डुलते, हूक आपल्या पट्टीच्या भोकात घासतो. जवळजवळ शंभर वर्षे घासून घासून हुकाचा बहुतेक जाड भाग झिजला होता. ८ तारखेला सकाळी सव्वासहाला उरलेले धातू तुटले, माळ खाली आली आणि जिवंत जंपर मनोऱ्याच्या लोखंडावर आदळला. विजेची कमान पेटली, ॲल्युमिनियम आणि पोलाद वितळून खालच्या वाळक्या झुडपांवर गळले. वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे तिची वीज आपोआप तुटली, पण तोवर काम झाले होते.

असा दोष जमिनीवरून दुर्बिणीने सहसा दिसत नाही. झीज हुकाच्या आतल्या कडेला, जिथे तो पट्टीला टेकतो तिथे असते. ती पाहायला मनोऱ्यावर चढावे लागते किंवा अगदी जवळून छायाचित्र घ्यावे लागते. तपासणीचे वेळापत्रक कागदावर पाळले गेले तरी पद्धत चुकीची असेल तर असला हूक वर्षानुवर्षे ‘ठीक’ ठरत राहतो. २०२० साली कंपनीने ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा आणि बेकायदा आग लावल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला.

कंपनीने त्या आठवड्यात खबरदारी म्हणून वीज बंद करण्याचा इशारा ग्राहकांना दिला होता. ८ तारखेला वीज बंद केली नाही. यावर पुष्कळ लिहिले गेले. पण एक बारकावा निसटतो: तेव्हाच्या त्यांच्या नियमांत ११५ किलोव्होल्टच्या वाहिन्या या बंदीत मोडतच नव्हत्या. वीज बंद केली असती तरी हा मनोरा चालूच राहिला असता. पारेषणाचे मनोरे मजबूत, तारा उंच, खाली झाडे तोडलेली, त्यामुळे धोका वितरणाच्या लाकडी खांबांवरच, अशी ती विचारसरणी होती. नव्या मनोऱ्यांपुरते हे बरोबर असेल, पण शंभर वर्षांच्या मनोऱ्याला ते लावणे धाडसाचेच.

वारा इथे दोनदा काम करतो, हे ध्यानात घ्यावे. जो वारा तार तोडतो तोच आग पळवतो. पावसाळी विजेने लागलेल्या वणव्याला वारा मिळेलच असे नाही. पण वीजवाहिनीची आग बहुधा वाऱ्याच्या ऐन कळसालाच लागते, आणि वाहिन्या दरीतूनच नेलेल्या असल्याने वाऱ्याच्या तोंडीच लागते.

पुल्गा ते पॅराडाइज

पहिली गाडी जार्बो खिंडीच्या ठाण्यातून निघाली. आग नदीच्या पलीकडच्या उतारावर दिसत होती, पण तिथे जाणारा कॅम्प क्रीक रोड कच्चा, अरुंद, कड्याच्या कडेने. जड बंब त्यावरून नेणे वेळखाऊ आणि जीवघेणे. पहिल्या पथकाने काही मिनिटांत ओळखले की ही आग मोठी होणार आणि आजूबाजूच्या वस्त्या हलवायला सांगितले. हवाई मदतीचा पर्यायही त्या वाऱ्यात लंगडा. झोत ताशी ६०-७० किमीच्या पुढे गेले की विमानातून टाकलेले पाणी किंवा रसायन जमिनीवर पोहोचण्याआधीच विस्कटते, आणि दरीत खाली उतरणे वैमानिकाच्या जिवावर बेतते.

आग नकाशावर रेघ सरकवावी तशी सरकली नाही. झाडांची साल, पाइनचे शंकू, वाळक्या पानांचे झुबके पेटते होऊन वाऱ्यावर उडाले आणि आघाडीच्या किलोमीटर-दोन किलोमीटर पुढे पडले. तिथे नवी आग लागली, तिने पुढे ठिणग्या फेकल्या. पॅराडाइजच्या पूर्वेला फेदर नदीच्या पश्चिम शाखेची खोल दरी आहे. गाव आणि रान यांच्यामधला नैसर्गिक खंदक म्हणून तिच्यावर भिस्त होती. ठिणग्यांना दरी ओलांडायला काहीच अडचण आली नाही. आठच्या सुमारास गावात एकाच वेळी अनेक ठिकाणी धूर दिसू लागला. मुख्य आघाडी अजून मागे होती.

इथे गावाची स्थलांतर योजना कोलमडली. योजना नव्हती असे मुळीच नाही. २००८ च्या आगीत रस्ते तुंबल्याचा अनुभव घेऊन गावाचे १४ विभाग पाडले होते. आग ज्या बाजूने येईल त्या विभागांना आधी बाहेर काढायचे, मग पुढच्यांना, म्हणजे रस्त्यांवर एकदम भार येणार नाही. वणवा एका बाजूने, काही तासांत येतो, हे त्यात गृहीत धरलेले होते. ठिणग्यांचा पाऊस पडला की सगळे विभाग एकदमच पहिले ठरतात. पूर्वेकडच्या विभागांना आदेश जात असतानाच मधल्या विभागांत घरे पेटत होती. दूरध्वनी संदेश सगळ्यांना मिळाले नाहीत, कारण यंत्रणेत नाव नोंदवणे ऐच्छिक होते, आणि पुढे आगीने मोबाइलचे मनोरे व केबलच जाळल्या.

सुमारे २६ हजार वस्तीचे गाव. दक्षिणेकडे उतरणारे चार रस्ते: स्कायवे, नील, क्लार्क आणि पेंट्झ. उत्तरेकडे स्कायवेच मॅगेलियाकडे जातो आणि पुढे डोंगरात शिरतो. चारही रस्ते सोंडेवरून खाली जातात, त्यांना जोडणारे आडवे रस्ते थोडे. मुख्य स्कायवेच्या बाजारातल्या भागात पूर्वी मार्गिका कमी केल्या होत्या. नंतर दोन्ही बाजूंनी गाड्या खालीच सोडायचा निर्णय झाला, पण चौकांतली कोंडी त्याने सुटत नाही. रस्त्यालगतच्या झुडपांना आग लागली तशा गाड्या सोडून लोक पळाले आणि सोडलेल्या गाड्यांनी मागचा रस्ता बंद केला. थांबलेल्या गाड्यांवरून आग गेल्याच्या घटना डझनाहून अधिक झाल्या. अनेक जण वाचले ते दुकानांपुढच्या मोकळ्या डांबरी वाहनतळांवर, जिथे जवानांनी त्यांना थांबवून धरले. हे आयत्या वेळचे शहाणपण होते. आता अशा जागा आधीच हेरून, त्यांच्याभोवतीचे गवत कापून ठेवणे हा नियोजनाचा भाग मानला जातो.

घरे जळाली, झाडे उरली

आगीनंतरच्या छायाचित्रांत एक गोष्ट डोळ्यात भरते: घराची राख, धुराड्याचा विटांचा खांब तेवढा उभा, आणि शेजारी पाइनचे झाड शेंड्याला हिरवे. ज्वालांची भिंत गावावरून गेली असती तर ते झाड उरले नसते. घर आतून पेटले होते. पन्हळीत साचलेल्या सुया, वळचणीखालच्या झरोक्यांतून माळ्यावर शिरलेले निखारे, लाकडी सज्जाखालचा पाचोळा, भिंतीला टेकलेले लाकडी कुंपण, हे आगीचे दरवाजे. एकदा घर पेटले की ते स्वतःच तासभर उष्णता आणि ठिणग्या फेकते. जळणाऱ्या घरापासून १८ मीटरच्या आतली घरे जास्त गेली, असे नंतरच्या पाहणीत आढळले. गावातली कित्येक घरे याहून जवळ होती.

१९९७ नंतर बांधलेल्या घरांचे वाचण्याचे प्रमाण आधीच्यांपेक्षा कित्येक पट जास्त होते. तरी नवीतलीही निम्म्याहून अधिक जळालीच, त्यामुळे बांधकाम-नियम म्हणजे कवच नव्हे. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोग भिंतीपासून पहिल्या दीड मीटरच्या पट्ट्याचा. तिथे खडी किंवा फरशी, झुडूप नाही, सरपण नाही, लाकडी फाटक नाही. झरोक्यांना ३ मिमीपर्यंतच्या भोकांची धातूची जाळी. प्लॅस्टिकची जाळी वितळते आणि मोठ्या भोकांची जाळी निखारा आत सोडते. पन्हळ वाऱ्याच्या इशाऱ्याआधी साफ. इशारा लागल्यावर शिडी लावून छपरावर चढणे म्हणजे दुसऱ्या अपघाताला आमंत्रण.

पाण्याची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. घर जळाले की त्याची नळजोडणी फुटते आणि पाणी वाहत राहते. हजारो जोडण्या एकदम फुटल्या की नळांचा दाब जातो आणि बंबांना पाणी मिळत नाही. दाब गेल्यावर रिकाम्या नळांत धूर आणि वितळलेल्या प्लॅस्टिकची रसायने शिरतात. पॅराडाइजच्या पाणीपुरवठ्यात नंतर बेंझिन सापडले आणि उरलेल्या घरांनाही ते पाणी दीर्घकाळ वापरता आले नाही.

वर्षभराने, जास्त वाऱ्यात

तुलनेसाठी किंकेड फायर घ्यावी: सोनोमा काउंटी, २३ ऑक्टोबर २०१९. तीही पारेषण वाहिनीच्या तुटलेल्या जंपरमुळे लागली, या वेळी २३० किलोव्होल्टच्या. त्या भागातले वितरण खबरदारी म्हणून बंद केले होते, पारेषण चालू होते. तीच फट पुन्हा उघडी राहिली. २७ ऑक्टोबरच्या पहाटे डोंगरमाथ्यावर ताशी १५० किमीच्या आसपास झोत नोंदले गेले, जार्बो खिंडीतल्यापेक्षा कितीतरी जास्त. ७७,७५८ एकर जळाले, ३७४ बांधकामे गेली. मृत्यू शून्य.

फरक दोन गोष्टींनी पडला. आग वाऱ्याच्या मोठ्या लाटेआधी चार दिवस लागली होती, म्हणजे वेळ मिळाला, हे नशीब. आणि तो वेळ वापरला गेला, हे नियोजन. २६ तारखेलाच हिल्ड्सबर्ग आणि विंडसर ही गावे पूर्ण रिकामी करायचा आदेश निघाला, पुढे दोन लाखांच्या जवळपास लोक हलवले गेले. रस्ते मोकळे असल्याने बंब घराघरापर्यंत पोहोचले आणि विंडसरच्या कडेला आग थोपवता आली. पॅराडाइजमध्ये पथकांचे पहिले कित्येक तास माणसे बाहेर काढण्यातच गेले. आगीशी लढायला कुणी मोकळा नव्हता.

वीज बंद ठेवण्याचे धोरणही २०१९ पासून रुंदावले, पारेषण वाहिन्याही त्यात आल्या, जरी किंकेडच्या वेळी ती वाहिनी चालूच होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका खेपेस सात लाखांहून अधिक ग्राहक अंधारात होते. हा उपाय फुकटचा नाही. घरी ऑक्सिजन यंत्रावर असलेले रुग्ण, विजेवर चालणारे पाण्याचे पंप, बंद पडणारे मोबाइल मनोरे आणि घरोघरी चालू होणारे जनरेटर, ज्यांच्यापासून नव्या आगी लागू शकतात. आणि वारा थांबला की लगेच बटण दाबता येत नाही. बंद वाहिनीवर फांदी पडली असेल, तार लोंबत असेल, तर वीज सोडताच ठिणगी पडेल. म्हणून आधी वेग मर्यादेखाली उतरल्याची हवामान विभागाकडून खातरजमा, मग दिवसाउजेडी पायी, गाडीने आणि हेलिकॉप्टरने एकेका खांबाचे पेट्रोलिंग, मग टप्प्याटप्प्याने भार. त्या दिवसांत ऑटो-रिक्लोजर (ट्रिप झालेली वाहिनी आपोआप पुन्हा चालू करणारे उपकरण) बंदच ठेवायचे. वाहिनी ट्रिप झाली तर कारण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती पुन्हा चालू होता कामा नये. वारा संध्याकाळी पडला तर पेट्रोलिंग दुसऱ्या सकाळीच सुरू होते, त्यामुळे बारा तासांच्या वाऱ्यासाठी ग्राहकाला दीड-दोन दिवसांचा अंधार धरूनच तयारी करावी लागते.